छोट्या गाडीमागे ओढायचा हलका कयाक ट्रेलर घरी कसा बनवायचा

आमच्याकडे दोन कयाक आहेत, दोन्ही बारा फुटी, पॉलिथिलीनच्या, एकेकीचं वजन ५५ पौंड, आणि गाडी म्हणाल तर छोटी सेडान. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावर जास्तीत जास्त १०० पौंड लिहिलंय, म्हणजे दोन कयाक आणि रॅकचं वजन धरलं की मर्यादा आधीच ओलांडली. पहिली दोन वर्षं आम्ही एक-एक कयाक दोन फेऱ्यांत नेली, नंतर बायकोच्या खांद्याला ते ५५ पौंड डोक्याच्या वर उचलणं जमेना, आणि अ‍ॅन आर्बरमध्ये (मिशिगन) ह्युरॉन नदी अगदी दहा मिनिटांवर असताना कयाक गॅरेजमध्ये लटकून राहायला लागल्या. तेव्हा ट्रेलर करायचं ठरवलं. तीन वीकेंड लागले, हिच (ट्रेलर अडकवायला गाडीखाली बसवायची लोखंडी चौकट) सोडून साधारण साडेसातशे डॉलर खर्च आला, आणि आता ट्रेलरवर कयाक ठेवायला कमरेच्या वर हात न्यावा लागत नाही. जे केलं, जे चुकलं आणि जे परत केलं ते सगळं इथे क्रमाने लिहितोय. मोजमापं अमेरिकेतली आहेत कारण नळ्या, बोल्ट, टायर इथे इंचातच मिळतात.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कयाक ट्रेलर मजबूत करणं अवघड नाही, बाजारातला कुठलाही ट्रेलर या कामासाठी गरजेपेक्षा जास्तच मजबूत असतो. अवघड आहे ते त्याला पुरेसा मऊ आणि पुरेसा लांब करणं. हजार पौंडांसाठी बनवलेल्या ट्रेलरवर दीडशे पौंड ठेवले की तो रस्त्यावर चालत नाही, उड्या मारतो, आणि प्रत्येक उडी कयाकच्या तळाला बसते. म्हणून वजन कमी, गाडीला जोडणारा दांडा लांब, पाटे (चाकांवरच्या लीफ स्प्रिंग) मऊ, हे तीन धरून चला.

आधी गाडीचं मॅन्युअल

हे वाचल्याशिवाय एक बोल्टसुद्धा विकत घेऊ नका. अमेरिकेत कितीतरी छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं असतं की ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी नाही, मग तुमचा ट्रेलर कितीही हलका असो. हिच विकणारा म्हणेल की आमचा क्लास १ हिच २,००० पौंड ओढतो आणि दांड्यावर २०० पौंड घेतो, ते खरंही असतं, पण तो आकडा हिचचा आहे, गाडीचा नाही. दोघांत जो कमी तो धरायचा. माझ्या गाडीला १,५०० पौंडांची परवानगी आहे आणि माझा भरलेला ट्रेलर ३५५ पौंडांचा, म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या जवळपास, त्यामुळे क्लचवर, ब्रेकवर ताण जाणवत नाही.

छोट्या गाडीला सव्वा इंची चौकोनी रिसीव्हरचा (बॉलचा दांडा आत सरकवायच्या नळीचा) हिच बसतो, आणि बहुतेक वेळा बंपर न कापता, गाडीखालच्या तयार भोकांमध्येच बोल्ट जातात. आडवं पडून दोन तासांचं काम आहे, फक्त एक्झॉस्टचे रबर काढून सायलेन्सर थोडा खाली घ्यावा लागतो, तेव्हा खाली काहीतरी आधार ठेवा, त्याला लोंबकळू देऊ नका.

पुण्या-मुंबईतले मित्र विचारतात की तिकडे हे जमेल का. जोडायला काहीच हरकत नाही, आपल्याकडचा कुठलाही फॅब्रिकेशनवाला याहून सुबक करून देईल, पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतः एक वाहनच धरलंय, तेव्हा त्याची नोंदणी कशी होणार हे आरटीओत जाऊन आधी विचारून घ्या आणि मगच लोखंड आणा.

सुरुवात किटपासून करा

ॲक्सल, हब, पाटे, कपलर (दांड्याच्या टोकाचा, गाडीच्या बॉलवर बसणारा भाग), लाइट हे सगळं सुटं सुटं गोळा करायला गेलात तर तयार किटपेक्षा महाग पडतं. मी ४० बाय ४८ इंचांचा, बोल्टने जोडायचा छोटा किट घेतला. फ्रेम चॅनलची, वर प्लायवूड टाकायला मोकळी. आपल्याला प्लायवूड नकोच, तेवढं वजन वाचलं.

चाकं मात्र १२ इंची घ्या. ८ इंची चाकाचा किट स्वस्त असतो आणि दिसतोही गोंडस, पण हिशोब बघा, ४.८०-८ टायरचा बाहेरचा व्यास साधारण १६ इंच, म्हणजे ताशी ६० मैलांना ते चाक मिनिटाला साडेबाराशे फेरे मारतं. १२ इंची रिमच्या टायरचा व्यास २० इंचांच्या आसपास, तिथे हजारावर काम भागतं. बेअरिंग कमी तापतं, आणि मिशिगनमधले मार्च-एप्रिलचे खड्डे ज्यांनी पाहिलेत त्यांना मोठं चाक का हवं ते सांगायला नको.

किटबरोबर जे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (कारखान्याचा मूळ दाखला) येतं ते खोक्याबरोबर फेकू नका, नोंदणीला तेच लागतं. मिशिगनमध्ये २,५०० पौंडांखालच्या ट्रेलरला टायटल (मालकीचा कागद) लागत नाही आणि एकदाच पैसे भरून कायमची प्लेट मिळते. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, घरी बनवलेल्या ट्रेलरला काही ठिकाणी तपासणी करून नंबर घ्यावा लागतो, तेव्हा सगळ्या पावत्या एका पाकिटात ठेवा.

दांडा, म्हणजे टंग

सगळ्यात जास्त विचार इथे करा. किटचा मूळ दांडा इतका आखूड असतो की बारा फुटी कयाकचं नाक गाडीच्या डिकीत घुसेल. मी तो बाजूला ठेवला आणि २ बाय २ इंची, ३/१६ इंच जाडीची चौकोनी पोलादी नळी आणली. ही नळी फुटाला ४.३ पौंड भरते. साडेअकरा फूट कापून घेतली, म्हणजे पन्नास पौंड झाले. १/८ जाडीची घेतली असती तर पंधरा पौंड वाचले असते, पण वजन वाचवायची ही जागा नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण बाकी काहीही तुटलं तर ट्रेलर गाडीमागे राहतो, दांडा तुटला तर राहत नाही.

आता लांबी कशी ठरवायची. सगळी मापं बॉलच्या, म्हणजे हिचवरच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्याच्या, मध्यापासून मागे मोजा. कयाकचं नाक बॉलपासून किमान ३६ इंच मागे हवं. कारण असं की ट्रेलर मागे घेताना तो गाडीशी काटकोनात येऊ शकतो, तेव्हा ते नाक बाजूला ३६ इंचांवर असेल, आणि छोट्या गाडीची अर्धी रुंदी ३४ इंचांच्या आसपास असते, म्हणजे नाक बंपरच्या कोपऱ्याबाहेरून जातं. मी गॅरेजच्या फरशीवर खडूने गाडीची मागची बाजू काढली, बॉलच्या जागी खिळा आणि सुतळी लावली आणि प्रत्यक्ष फिरवून बघितलं. तुम्हीही बघा, दहा मिनिटं लागतात.

नाक ३६ वर, तर शेपूट १८० वर, आणि कयाकचा मध्य १०८ इंचांवर. ॲक्सल मी ११६ इंचांवर ठेवला, म्हणजे मालाच्या मध्याच्या आठ इंच मागे. हे आठ इंच काय करतात? दोन कयाक ११० पौंड आणि वल्ही, लाइफ जॅकेट, दोऱ्या मिळून ४० पौंड, असे दीडशे पौंड. त्यातले ८ भागिले ११६, म्हणजे साधारण १० पौंड पुढे बॉलवर येतात. रिकाम्या ट्रेलरचे ३० पौंड बॉलवर होतेच, एकूण ४०. पूर्ण ट्रेलर ३५५ पौंड, म्हणजे ११ टक्के. हा आकडा १० ते १५ टक्क्यांच्या मध्ये असायलाच हवा, याच्यात तडजोड नाही.

का नाही ते मला पहिल्याच मोठ्या फेरीत कळलं. आयलंड लेकला निघालो होतो, यूएस-२३ वरून उत्तरेकडे, आणि निघताना घाईत आइसबॉक्स, पाण्याचे कॅन, मुलांच्या पिशव्या सगळं फ्रेमच्या मागच्या टोकाला बांधलं होतं कारण तिथे बांधायला सोपं होतं. पन्नासपर्यंत सगळं ठीक. पंचावन्नला आरशात कयाक डावीकडे दिसल्या, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, दर वेळी थोड्या जास्त, आणि स्टिअरिंग हातात मऊ पडल्यासारखं झालं. मी ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेकला हात लावला नाही, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, चाळीसवर येईपर्यंत झोके विरले. बाहेर पडून पेट्रोल पंपावर सगळं सामान पुढे बांधलं आणि उरलेला रस्ता ट्रेलर रेषेत चालला. घरी येऊन बाथरूमचा वजनकाटा कपलरखाली ठेवून पुन्हा तसंच सामान मागे बांधून बघितलं तर काटा ११ पौंड दाखवत होता.

लहानपणी सांगली जिल्ह्यात आमच्या काकांच्या उसाच्या ट्रॉलीत मोळ्या टाकताना ते खालून ओरडायचे, "पुढं रच पुढं, मागं झुकली तर दांडी वर उचलंल." दोन चाकांच्या कुठल्याही गाड्याला तोच नियम लागू आहे. बाथरूमचा काटा प्रत्येक नव्या मांडणीनंतर वापरा, कपलर ओढताना असतो त्याच उंचीवर ठेवून, खाली लाकडी ठोकळा घेऊन. अंदाजाने हाताने उचलून "बरंय" म्हणू नका.

नळी बसवताना मी ती फ्रेमच्या आडव्या चॅनलच्या खालून न घेता वरून घेतली. प्लायवूड नसल्यामुळे जागा मोकळीच होती, आणि खालून घेतली असती तर पाटे दबल्यावर ॲक्सल नळीवर आपटला असता. पुढच्या आणि मागच्या चॅनलवर दोन-दोन चौकोनी यू-बोल्ट, आणि नळी पुढेमागे सरकू नये म्हणून प्रत्येक ठिकाणी एक आरपार अर्धा इंची ग्रेड ५ बोल्ट. भोक पाडताना ते नळीच्या वरच्या-खालच्या पृष्ठावर पाडू नका, बाजूच्या भिंतींवर बरोबर मधोमध पाडा. नळी वाकते तेव्हा वरच्या-खालच्या बाजूंपैकी एक ताणली जाते, दुसरी दाबली जाते, मधल्या रेषेवर ताण जवळजवळ नसतो, म्हणून भोक तिथेच असावं. आणि बोल्ट आवळताना नळी चेपू नये म्हणून आत पाइपचा छोटा तुकडा घाला, बोल्ट त्याच्यातून जाऊ दे. नट सगळीकडे नायलॉकच (आत नायलॉनची कडी असलेले). मऊ पाट्यांवरसुद्धा शंभर मैलांत साधा नट ढिला होतो.

नळी वरून गेल्यामुळे कपलर थोडा उंच आला, तेव्हा बॉल माउंट वर उचललेला घेतला. ट्रेलर सपाट किंवा नाक किंचित खाली असा चालला पाहिजे, नाक वर नको.

वेल्डिंग मी कुठेच केलं नाही. येत असेल तर करा, पण गॅल्व्हनाइज्ड भागावर थेट वेल्डिंग करू नका, जस्ताचा धूर नाकातोंडात गेला की संध्याकाळी ताप भरतो, आधी तेवढा भाग घासून काढा.

पाटे

किटचे पाटे तीन-तीन पानांचे होते, मिळून हजार पौंडांच्या वरच्या मालासाठी. पहिल्या आठवड्यात मी ते तसेच ठेवले. शेजाऱ्यांनी मागून येऊन फोनवर व्हिडिओ काढला, रेल्वे क्रॉसिंगवर दोन्ही चाकं चक्क जमिनीवरून सुटलेली दिसतात आणि कयाक पट्ट्यांसकट वर उडून परत खाली बसतात. घरी येऊन बघितलं तर एका कयाकच्या तळाला जिथे आडवी पट्टी लागत होती तिथे प्लास्टिक पांढरट पडून त्याचा चुरा निघत होता.

मग पाटे उघडले. मधला बोल्ट काढायच्या आधी पानं क्लॅम्पमध्ये धरा, नाहीतर ती उडतात. ज्या पानाला दोन्ही टोकांना डोळे असतात ते मुख्य पान, ते ठेवायचंच. माझ्याकडे मुख्य पान आणि सगळ्यात आखूड पान ठेवलं, मधलं काढलं, एक फेरी मारली, तरी कडक वाटलं, मग आखूडही काढलं आणि फक्त मुख्य पानावर आलो. जाडी कमी झाल्यामुळे मधला बोल्ट आखूड लागतो आणि ॲक्सलचे यू-बोल्ट नव्याने आवळावे लागतात, हे विसरू नका, पान कमी केल्यावर यू-बोल्ट जुन्याच आट्यावर राहिला तर ॲक्सल तिरका सरकतो. सगळं झाल्यावर दोन्ही बाजूंनी मधल्या बोल्टपासून कपलरपर्यंत फीत लावून अंतर सारखं आहे का बघा, पाव इंचाचा फरकसुद्धा टायर खातो.

यानंतर हा ट्रेलर फक्त कयाकसाठी. मी फ्रेमवर पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत कमाल २५० पौंड असं लिहून ठेवलंय, कारण कुणीतरी उद्या मातीच्या गोण्या आणायला मागणार हे नक्की.

टायरची हवा हीसुद्धा स्प्रिंगच आहे. टायरवर ६० पीएसआय लिहिलेलं असतं पण ते पूर्ण भारासाठी, आणि पूर्ण भार एका ४.८०-१२ टायरला, लोड रेंज बी असेल तर, ७८५ पौंड असतो. माझ्या प्रत्येक चाकावर दीडशेच्या आसपास येतात. मी २५ पीएसआयवर चालवतो, आणि पहिल्यांदा २५ केल्यावर वीस मैलांवर थांबून टायरच्या बाजूला हात लावून बघितला, कोमट होता, बस. हात ठेववत नसेल इतका गरम लागला तर हवा वाढवा.

बेअरिंग

किटमधल्या हबमध्ये जे तेलकट दिसतं ते बऱ्याचदा गंज लागू नये म्हणून लावलेलं असतं, ते चालवायचं ग्रीस नव्हे. सगळं उघडून रॉकेल किंवा मिनरल स्पिरिटने धुवून काढा आणि चांगलं व्हील बेअरिंग ग्रीस भरा. भरायचं म्हणजे वरून चोपडायचं नाही. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या, बेअरिंगची रुंद बाजू त्याच्यावर खसकन दाबत न्या, वरच्या बाजूने रोलरांच्या मधून ग्रीस शेवयांसारखं बाहेर येईपर्यंत, मग थोडं फिरवून पुढचा भाग.

नट आवळताना हब हाताने फिरवत राहा, जड फिरायला लागला की थांबा, मग नट पुढच्या खाचेपर्यंत मागे घ्या, स्प्लिट पिन घाला. चाक वर-खाली धरून हलवलं तर अगदी जाणवेल न जाणवेल इतकी ढिलाई हवी. दर वसंतात एकदा उघडून बघा. आपल्याला बोटीच्या ट्रेलरसारखा हा पाण्यात घालावा लागत नाही, कयाक हाताने उचलून नेता येते, तेव्हा चाकं पाण्याबाहेरच ठेवा, बेअरिंग कितीतरी वर्षं जातात.

चाकाचे नट मात्र पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा आवळा.

आडव्या पट्ट्या

फ्रेम फक्त ४८ इंच लांब आहे, बारा फुटी कयाकला तेवढा आधार कमी. म्हणून मागची पट्टी फ्रेमच्या मागच्या टोकाला, १४० इंचांवर, आणि पुढची चक्क दांड्यावरच उभा खांब लावून ६८ इंचांवर घेतली. दोन्हीत सहा फूट अंतर आलं, कयाकच्या आतले बल्कहेड (आडवे पडदे) साधारण तिथेच येतात, तिथे तळ सगळ्यात टणक असतो.

पट्ट्यांसाठी इलेक्ट्रिशियन वापरतात तो स्ट्रट चॅनल घ्या, १ ५/८ इंची, १४ गेजचा, गॅल्व्हनाइज्ड, दहा फुटी लांबीत कुठल्याही मोठ्या हार्डवेअर दुकानात मिळतो. मी ६६ इंचांचे दोन तुकडे केले, दोन कयाक प्रत्येकी २९ इंच रुंद, मध्ये हात जाईल इतकी फट राहते. त्याचे स्प्रिंगवाले नट आत सरकतात, त्यामुळे कयाक ठेवायचे पाळणे पुढेमागे हलवता येतात आणि ड्रिल लागत नाही. कापलेली टोकं कानशीने घासा, त्यावर जस्ताचा स्प्रे मारा आणि प्लास्टिकच्या टोप्या घाला, ती टोकं बरोबर माणसाच्या मांडीच्या उंचीवर येतात.

पुढचा खांब म्हणजे टी आकार झाला, त्याला दोन्ही बाजूंनी तिरके आधार द्या, नाहीतर एका बाजूला कयाक ठेवल्यावर दांडा पिळला जातो. आधार दिल्यावरही आम्ही पहिली कयाक पूर्ण बांधत नाही, सैल पट्टा टाकतो, दुसरी चढवतो आणि मग दोन्ही आवळतो.

कयाक कशावर ठेवायची यावर वेगवेगळी मतं आहेत. मी व्ही आकाराचे पाळणे लावलेत, लाकडाच्या २ बाय ४ चे तिरके तुकडे, वर फोम आणि त्यावर बाहेर वापरायचं कार्पेट. सपाट पट्टीवर सपाट तळ ठेवून पट्टा आवळला की जुलैच्या उन्हात पॉलिथिलीनला खळगा पडतो. पडलाच तर घाबरू नका, कयाक उन्हात उलटी ठेवा, बरेचदा आपोआप परत येतो.

पट्टे कॅम बकलचे (हाताने ओढून आवळायचे) घ्या. रॅचेटवाले घेऊ नका, त्याने कयाक चेपेपर्यंत आवळली जाते आणि हाताला कळतही नाही. पट्ट्याला एक पीळ द्या, नाहीतर वाऱ्याने इतका घूं घूं आवाज करतो की गाडीत बोलता येत नाही. पुढच्या नाकाला दांड्याशी एक साधी दोरी बांधा. मागे माझी शेपटं फ्रेमच्या ४० इंच बाहेर जातात, बहुतेक राज्यांत चार फुटांपुढे गेलं की लाल फडकं सक्तीचं आहे, मी तसंही बांधतो, कारण मागच्या ड्रायव्हरला आडव्या रेषेतलं टोक दिसतच नाही.

लाइट

चार तारांचा चपटा कनेक्टर असतो. पांढरी अर्थिंग, तपकिरी टेललाइट, पिवळी डावा इंडिकेटर आणि ब्रेक, हिरवी उजवा इंडिकेटर आणि ब्रेक. तुमच्या गाडीत मागचा इंडिकेटर वेगळा पिवळा असेल तर मध्ये कन्व्हर्टर लागतो, कारण ट्रेलरवर ब्रेक आणि इंडिकेटर एकाच दिव्यात असतात. कन्व्हर्टरला बॅटरीवरून वेगळी फ्यूजवाली वायर द्या आणि दिवे एलईडी घ्या, छोट्या गाडीच्या वायरिंगवर ताण नको.

दिवे लागत नाहीत, मंद लागतात, एक इंडिकेटर दिला की दोन्ही लुकलुकतात, अशा दहापैकी नऊ तक्रारी अर्थिंगच्या असतात. पांढरी वायर नुसती दांड्याला जोडू नका, रंगवलेल्या आणि बोल्ट केलेल्या तुकड्यांतून करंट जाईलच असं नाही. ती प्रत्येक दिव्यापर्यंत ओढा. जोड सोल्डर करून वर उष्णतेने आकसणारी नळी घाला. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, नुसतं पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड एका मोसमात हिरवा पडतो.

फ्रेमच्या बाजूला पुढे पिवळे आणि मागे लाल मार्कर लागतात, मागे लाल रिफ्लेक्टर आणि प्लेटवर पांढरा दिवा. ८० इंचांपेक्षा कमी रुंदीच्या ट्रेलरला वरचे क्लिअरन्स दिवे लागत नाहीत. मी मुख्य दिवे फ्रेमवर न लावता मागच्या कोपऱ्यांत तीन फुटी उभ्या पीव्हीसी नळ्यांवर लावले. छोट्या गाडीमागे रिकामा ट्रेलर आरशात दिसतच नाही, त्या नळ्यांमुळे तो कुठे आहे ते कळतं.

कपलर आणि साखळ्या

कपलरवर बॉलचं माप कोरलेलं असतं, १ ७/८ किंवा २ इंच. दोन इंची कपलर १ ७/८ च्या बॉलवर व्यवस्थित बसल्यासारखा दिसतो, लॉकही होतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्याला उचलून बाहेर येतो. म्हणून लॉक केल्यावर कपलर धरून जोरात वर ओढा, गाडीचा मागचा भाग थोडा वर आला पाहिजे. मग लॉकमध्ये पिन.

साखळ्या दोन, दांड्याखाली एकमेकींना ओलांडून. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. म्हणजे कपलर सुटला तरी दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. वळताना ताणल्या जाऊ नयेत इतक्या सैल, आणि जमिनीला घासणार नाहीत इतक्या आखूड.

चालवताना

लांब दांड्याचा हाही फायदा की मागे घेणं सोपं जातं, आखूड ट्रेलर क्षणात दुमडतो. स्टिअरिंग खालून, सहाच्या काट्याच्या जागी धरा, ट्रेलर ज्या बाजूला हवा त्या बाजूला हात न्या. जमलं नाही तर उतरा, हिच सोडा आणि हाताने ढकला, दांड्यावर चाळीस पौंडच तर आहेत, गॅलप पार्कमध्ये गर्दी असते तेव्हा मी नेहमी तसंच करतो. वेग मी साठच्या वर नेत नाही. लांब प्रवासात पहिल्या वीस मैलांनंतर आणि मग प्रत्येक थांब्यावर दोन्ही हबना हात लावतो, पट्टे बोटाने वाजवून बघतो, बसतो आणि निघतो.

नदीवरून परत निघताना एक काम राहतं. मिशिगनमध्ये २१ मार्च २०१९ पासून कायदाच आहे की पाण्यातून आणलेल्या बोटीवरचं आणि ट्रेलरवरचं शेवाळ, पाणवनस्पती काढून आणि आतलं पाणी ओतून मगच रस्त्याला लागायचं, कारण एका तळ्यातलं तण दुसऱ्या तळ्यात जाऊन तिथलं सगळं गिळून टाकतं. आमचा ट्रेलर पाण्यात जात नाही तरी कयाकवरून ओघळलेली हिरवी दोरी पाळण्याच्या कार्पेटमध्ये अडकून बसते. मुलगी ती बोटांनी उपसून काठावरच्या कोरड्या गवतावर टाकते, मी कयाक उलट्या करून पाणी ओततो, आणि घरी आल्यावर बागेच्या नळीने पाटे, हब आणि दिव्यांचे जोड धुवून ट्रेलर दांडा किंचित खाली करून उभा ठेवतो, म्हणजे नळीत शिरलेलं पाणी पुढच्या भोकातून निघून जातं.